लेक औषध थुंकते, आणि साडेतीन मिली मोजायचे कसे?

भिलारची सून

नमस्कार मंडळी. लेक सव्वातीन वर्षांची, वजन साडेबारा किलो. कान दुखतोय, ताप येतोय म्हणून वाईला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पावडरची अँटिबायोटिक बाटली लिहून दिली, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, वर 457 असा आकडा आहे. साडेतीन मिली सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. तापाला पॅरासिटामॉलचं सिरप, ते 120 वालं, 6 मिली.

अडचण अशी की ती दोन्ही थुंकते. पॅरासिटामॉलला स्ट्रॉबेरीचा स्वाद आहे, आणि आमचा मळाच स्ट्रॉबेरीचा. सीझन सुरू झाल्यापासून ही बया बांधावर बसून पाटीतली फळं उचलून खाते. मी मोठ्या हौसेने ‘स्ट्रॉबेरीचं औषध आहे गं’ म्हणून चमचा पुढे केला. तिने वास घेतला, म्हणाली ‘ही नाही स्ट्रॉबेरी’, आणि तोंड फिरवलं. आता चमचा दिसला तरी ओठ मिटून घेते. अँटिबायोटिक तर आणखी वाईट, ते तिने माझ्या साडीवर काढलं.

सासूबाई म्हणतात दुधाच्या पेल्यात घाल, कळणारही नाही. हे म्हणतात घरच्या क्रशमध्ये मिसळ. विचारायचं हे, की असं मिसळलं तर चालतं का? अर्धं थुंकलं तर परत द्यायचं का? टोपणावर 2.5 आणि 5 च्या खुणा आहेत, साडेतीन कुठून आणू? आणि घरात मोठ्या मुलाची 250 लिहिलेली पॅरासिटामॉलची बाटली आहे, शिवाय धाकट्याचे थेंब आहेत. नाव एकच, आकडे वेगळे. 120 वालं संपलं तर त्यातलं दिलं तर चालेल का?

डॉक्टरांना उद्या फोन करणारच आहे, पण आज रात्रीचा डोस डोळ्यांसमोर आहे.

कोरेगावची आजी

अगं लेकरा, एवढं काय त्यात. मांडीवर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं, तोंड उघडलं की चमचा आत. आमी पाच पोरं अशीच वाढवली. वरून मधाचं बोट चाटवायचं. नाहीतर पेढ्यात घालून दे, साताऱ्याच्या कंदी पेढ्याला कोण नाही म्हणतंय.

काउंटरच्या आतून

आजी, नमस्कार. नाक दाबलं की तोंड उघडतं हे उधारी वसूल करायला ठीक आहे, पोराला औषध द्यायला नाही. नाक दाबलेलं मूल तोंड उघडतं ते श्वास घ्यायला. त्या श्वासाबरोबर औषध श्वासनलिकेत गेलं तर कान राहील बाजूला आणि छातीचं दुखणं मागे लागेल. आडवं घेऊनही नको. बसवून, पाठ सरळ. रडण्याचा हुंदका चालू असताना नको आणि झोपेत तर मुळीच नको. पेढ्याची कल्पना मात्र मला पसंत आहे, त्याकडे येतो.

ताई, माझी ओळख थोडक्यात. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं मेडिकल, आता मुलगा बसतो, मी संध्याकाळी गल्ल्यावर असतो. वडील वाईला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांच्या काळी मिक्श्चर काचेच्या बाटलीत मिळायचं, आणि बाटलीला कागदाची एक पट्टी चिकटवलेली असायची, कडेने कात्रीने दाते कापलेली. एक दाता म्हणजे एक डोस. चमचा नको, टोपण नको. निरक्षर बाईसुद्धा सांगायची, ‘दोन दातं उरल्यात’. ती पट्टी गेली आणि तिच्या जागी मिली, मिलिग्रॅम, टोपण, ड्रॉपर असं सगळं आलं, पण ते वाचायचं कसं हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. चवीचं नंतर.

पॅरासिटामॉल मुलांना वजनावर देतात, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि दिवसाला चारांपेक्षा जास्त वेळा नाही. तुमची लेक साडेबारा किलोची, म्हणजे एका वेळी साधारण दीडशे मिलिग्रॅम. बाटलीवरचा 120 म्हणजे 5 मिलीत 120 मिलिग्रॅम. 6 मिलीत 144 झाले, डॉक्टरांचा हिशोब बरोबर. मोठ्याची बाटली 250, म्हणजे 5 मिलीत 250. त्यातले दीडशे 3 मिलीतच भरतात. आणि धाकट्याचे थेंब? त्यावर बहुधा लिहिलेलं असेल, 1 मिलीत 100 मिलिग्रॅम. तिथे दीड मिलीतच काम होतं.

आता पाहा, एकच डोस, पण एका बाटलीतून 6, दुसरीतून 3, तिसरीतून दीड. कुणी थेंबाच्या बाटलीतून ‘सहा मिली सांगितलंय’ म्हणून सहा मिली दिलं तर 600 मिलिग्रॅम पोटात गेले. आपल्या लेकीला तो एका वेळच्या डोसाच्या चौपट. पॅरासिटामॉल जास्त झालं की मार यकृतावर बसतो, आणि पहिला दिवसभर बाहेरून काही दिसत नाही, मूल खेळतं सुद्धा. लहान बाळाचं म्हणून थेंब ‘हलके’ असतील असं बायकांना वाटतं. असतात उलटे, कारण बाळाच्या तोंडात थोडंसंच घालता यावं म्हणून त्यात औषध दाट ठेवलेलं असतं. म्हणून घरात एका वेळी पॅरासिटामॉलची एकच बाटली चालू ठेवा, बाकीच्या वरच्या फळीवर. आणि बाटली बदलली की डोस मिलीत न विचारता डॉक्टरांना मिलिग्रॅममध्ये विचारा. सर्दीच्या सिरपातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचल्याशिवाय दोन्ही एकदम देऊ नका.

साडेतीन मिली. टोपण विसरा. मेडिकलमध्ये जाऊन सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज मागा, पाच-दहा रुपयांत मिळते. तिच्यावर मिलीच्या बारीक खुणा असतात. टोकावरचं छोटं बूच घरी येताच कचऱ्यात टाका, ते पोराच्या घशात अडकतं. औषध टोपणात ओतून मग सिरिंजने ओढायचं, हवेचा बुडबुडा आला तर टोक वर करून टिचकी मारायची, आणि दट्ट्याची पुढची कड साडेतीनवर आणायची. घरचा चमचा तर हिशोबातच धरू नका. चहाचे म्हणून जे चमचे आपण वापरतो त्यात कुणात 3 मिली मावतं, कुणात 7. हातात सिरिंज असली की अंदाजाचा प्रश्नच येत नाही.

द्यायचं कसं? लेक मांडीवर बसलेली, तुमच्याकडे पाठ, डोकं तुमच्या छातीला. सिरिंजचं टोक गाल आणि हिरडी यांच्या फटीत, थेट घशाकडे नाही. एकदम दाबायचं नाही. अर्धा-एक मिली, गिळू द्या, पुन्हा. जिभेच्या मधोमध औषध पडलं की ती थुंकते, गालाच्या आत पडलं की गिळायला पुढे सरकतं आणि चवही कमी लागते.

आता चव. मुलांच्या जिभेला कडू आपल्यापेक्षा जास्त कडू लागतं, ही नाटकं नाहीत. जंगलात विषारी पानं बहुतेक कडूच, म्हणून जीव वाचवायला लहानपणी ही जीभ तीक्ष्ण ठेवलेली आहे. औषध कंपन्या त्यावर साखर, सॅकरिन, सुक्रालोज आणि स्वाद घालतात. पण स्वाद म्हणजे सगळा नाकाचा खेळ आहे ताई. कडू तसंच खाली राहतं. तुमच्या लेकीने एका वासात पकडलं, कारण तिला खरी स्ट्रॉबेरी माहीत आहे. मुंबईच्या पोराला ते चालून जातं, भिलारच्या पोराला नाही. म्हणून तिला ‘स्ट्रॉबेरी’ सांगूच नका. ‘औषध आहे, वाईट लागतं, पटकन संपवू’ असं सांगा. आणि गोळी-चॉकलेटही म्हणू नका. आज चॉकलेट म्हटलेलं औषध उद्या तुमची पाठ वळली की ती स्वतः घेईल.

चव मारायची ती औषध बाटलीत असताना नाही, तोंडात. औषधाआधी बर्फाचा खडा चोखायला द्या. थंडीने जीभ थोडा वेळ बधिर होते. मग बोटाने जिभेवर तुपाचा लेप. मग सिरिंज. आणि लगेच वरून, आजी म्हणतात तो, कंदी पेढ्याचा तुकडा. खव्यात स्निग्धांश असतो, तो जिभेवर उरलेलं कडू पुसून नेतो. पेढा औषधानंतर द्यायचा, औषध पेढ्यात घालून नाही. पेढ्यात घातलं आणि तिने तो ओळखला तर औषध गेलं ते गेलंच, पेढाही सुटला. मधाचं एक सांगतो, तुमची तीन वर्षांची आहे म्हणून चालेल, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. मधात कधीकधी बॉट्युलिझम म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असतात, ते तान्ह्या आतड्यात रुजतात.

दुधाचा पेला नको. कारण साधं आहे, तिने अर्धा पेला टाकला तर औषध किती गेलं हे तुम्हाला ब्रह्मदेव सांगू शकणार नाही. अगदीच घालायची वेळ आली तर एका चमच्यात मावेल एवढ्या दह्यात किंवा गुळाच्या पाकात, लगेच आणि पूर्ण. हे अँटिबायोटिक जेवणाच्या सुरुवातीला दिलेलं चांगलं, पोट कमी बिघडतं.

क्रशबद्दल. तुमचा क्रश आंबट. काही औषधांत कडू कणांना बारीक आवरण घातलेलं असतं, क्लॅरिथ्रोमायसीनचं सिरप तसंच. आंबट रसात ते आवरण सुटतं आणि कडवटपणा उघडा पडतो, मुलं संत्र्याच्या रसाबरोबर दिलं की जास्त ओरडतात ते त्यामुळे. तुमच्या बाटलीला एवढा धोका नाही, पण सवय नको लावायला.

पावडरची बाटली तुम्ही घरी तयार केली की मेडिकलवाल्याने? घरी केली असेल तर बघा, आधी बाटली तळहातावर आपटून पावडर सुटी करायची, सोबतची पाण्याची कुपी नाहीतर उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेच्या थोडं खाली घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. फेस बघून ‘भरलं’ समजलं की पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. खुणेच्या वर गेलं की पातळ. फ्रीजमध्ये ठेवा, दरवाजाच्या फळीवर नाही, आत. प्रत्येक वेळी जोरात हलवून. तुमची बाटली 30 मिलीची असणार. रोज 7 मिली लागतं, म्हणजे ती चार दिवसांत संपते आणि दुसरी लागेल. दोन्ही आजच तयार करू नका. दुसरीत पाणी तेव्हाच घाला जेव्हा पहिली संपेल.

थुंकलं तर. किती थुंकलं ते कळत नसेल तर पॅरासिटामॉल पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेची वाट बघा. अँटिबायोटिकबद्दल डॉक्टरांना विचारा. उलटी झाली तर बहुतेक डॉक्टर सांगतात, अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर आलं तर तोच डोस पुन्हा, त्यानंतर झाली तर नाही. तुमचे काय म्हणतात ते उद्याच्या फोनमध्ये घ्या. कानामागे सूज आली, ताप दोन दिवसांनीही उतरला नाही किंवा मूल मरगळलं तर फोन नाही, सरळ वाई गाठा.

लालपरी_पाटण

काका, एक विचारू? माझ्या मुलाला फिट्सचं औषध चालू आहे, व्हॅल्प्रोएट. सिरप होतं, आता वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. तो गिळत नाही. आमची आई खलबत्त्यात कुटून गुळात घालून देते. मी ड्युटीवर असतो, बायको पण शेतात, त्यामुळे आईच्या हातीच आहे सगळं.

काउंटरच्या आतून

दादा, आज रात्रीपासून कुटणं बंद करा आणि गोळीचं नाव वाचा. नावापुढे सीआर, एसआर, ईआर किंवा क्रोनो असं काही असेल तर ती गोळी बारा तास हळूहळू सुटायची म्हणून बनवलेली आहे. कुटली की बारा तासांचं औषध एकदम पोटात. सुरुवातीला गुंगी, उलट्या, आणि पहाटेकडे रक्तात औषध कमी पडतं, नेमकी तेव्हाच फिट येऊ शकते. डॉक्टरांना सरळ सांगा, गिळत नाही, सिरपच द्या. व्हॅल्प्रोएटचं सिरप 5 मिलीत 200 मिलिग्रॅम मिळतं, हिशोब ते करून देतील. मनाने बंद मात्र करायचं नाही, एक दिवस सुद्धा.

याच दुखण्याचं दुसरं औषध फेनिटॉइन. त्याचं सिरप नव्हे, सस्पेन्शन असतं, औषध खाली बसतं. न हलवता दिलं की महिन्याच्या सुरुवातीला मुलाला नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटच्या आठवड्यात सगळं औषध. आमच्याकडे एक आजोबा यायचे, ‘महिनाअखेर पोरगं झिंगतं’ म्हणायचे. डॉक्टरांनी बाटली हलवून द्यायला सांगितल्यावर झिंगणं थांबलं. ज्या बाटलीवर ‘शेक वेल’ लिहिलंय ती खरोखर हलवायची, देवाला घंटा वाजवल्यासारखी एकदा नाही.

कुटायचं म्हणजे आणखी एक आठवलं. मेट्रोनिडाझोल. जुलाबात मोठ्यांची गोळी घरी असते, ती चौथाई करून पोराला कुटून देतात. इतकं कडू की पोरगं दुसऱ्या दिवशी भाताचा घासही घेत नाही, त्यातही औषध असेल म्हणून. मुलांच्या सस्पेन्शनमध्ये तेच औषध बेंझोएटच्या रूपात असतं. ते लाळेत विरघळत नाही म्हणून जिभेला चवच लागत नाही, आणि पोटात गेल्यावर तुटून मूळ औषध मोकळं होतं. 320 मिलिग्रॅम बेंझोएट म्हणजे 200 मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल. चव मारायची याहून सरळ युक्ती मी पाहिली नाही. आणि हेही, प्रत्येक जुलाबाला ते लागत नाही.

आशाताई_माण

मी दहिवडीकडे आशा आहे. जुलाबाचं निघालंच म्हणून सांगते. आमच्याकडे जुलाबाला ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. गोळी कुटायची नसते, चमच्यात आईचं दूध किंवा स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात ती आपोआप विरघळते. सहा महिन्यांच्या पुढे एक, म्हणजे 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांना अर्धी. चौदा दिवस. जुलाब थांबले की बाया तिसऱ्याच दिवशी बंद करतात, तिथे डोकं फोडावं लागतं. चव जराशी पत्र्यासारखी, पण आईच्या दुधात दिली की तान्ही घेतात.

ओआरएसची 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यातच. पेल्यात अर्धी पुडी घालून साखर वाढवणारे खूप. साखर वाढली की जुलाब वाढतात. दुकानातल्या फळांच्या चवीच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ लिहिलेलं असायचं, मुलांना ते फार आवडायचं, कारण ते सरबतच. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याने, तसं नाव वापरायला बंदी केली.

लोहाच्या औषधाला मात्र मी या धाग्यावर हात जोडते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली. बाटलीच्या तोंडालाच मापाचं बूच असतं, दाबलं की एक मिलीच येतं. चव गंजलेल्या खिळ्याची. मी जिभेच्या मागे गालाच्या बाजूला देते, दात काळे पडत नाहीत. जेवणानंतर, पण दूध किंवा चहाबरोबर नाही. शी काळी होते, आधीच सांगून ठेवते, नाहीतर आया घाबरून बंद करतात. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिच्या लाल गोळ्या, शाळेतल्या पोरांच्या गुलाबी गोळ्या, दोन्ही पोरांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत. दिसतात लिमलेटच्या गोळ्यांसारख्या, पण लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेततं.

सदरबझार

आमचं उलटं आहे. पोरगं पाच वर्षांचं, त्याला खोकल्याचं सिरप इतकं आवडतं की खोटा खोकला काढून मागतं. बायको देते दोन चमचे, झोपतंही शांत. सिरपच तर आहे, थोडं इकडे-तिकडे झालं तर काय एवढं?

काउंटरच्या आतून

शांत झोपतं म्हणजे त्यात गुंगीचं औषध आहे. तो आजार बरा होत नाहीये, पोरगं गुंगीत आहे. बाटली फिरवून मागे बघा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी असेल तर चार वर्षांखालच्या मुलांना ती द्यायची नाही, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्ये काढला आणि लेबलवर तसं छापायला लावलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोत, पाच वर्षांखालीही साधारणपणे नकोत. साध्या सर्दीचा खोकला आपोआप जातो. पाच वर्षांच्या पोराला रात्री चमचाभर मध पुरेसा आहे.

ही 2025 ची सूचना का आली तेही लिहितो, कारण गोड सिरपाला आपण सरबत समजतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे वीसहून जास्त मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. खोकल्याच्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. ते औषध नाही, कारखान्यातलं रसायन आहे, पण दाट, गोडसर, ग्लिसरीनसारखं. ही गोष्ट नवी नाही. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावं म्हणून पातळ केलं, विरघळवायला हेच रसायन वापरलं, वर रासबेरीचा स्वाद. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात मुलं पुष्कळ. पुढच्या वर्षी तिथला औषध कायदा बदलला. आणि आपल्याकडे 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेलं होतं, चौदा रुग्ण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. मी तेव्हा डिप्लोमाच्या वर्गात होतो. सर पेपरातलं कात्रण घेऊन आले होते आणि त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.

भीती घालायची नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं सिरप द्या, पक्क्या बिलाने घ्या, बॅच नंबर बिलावर आहे का बघा. पण पोरगं मागतं म्हणून सिरप, हे बंद. आणि बाटली कुलपात. ज्याला चव आवडते तो ती स्वतः उघडतो. झाकण घट्ट आहे यावर विसंबू नका, पाच वर्षांच्या पोराला मोबाइलचं कुलूप उघडता येतं, तिथे झाकणाचं काय.

सदरबझार

बाटली पाहिली काका, तीच जोडी आहे. चाराच्या वरचा आहे पण बंद करतो. बायकोला हा धागा दाखवला, ती म्हणते मधाचं तुम्हीच तिच्या आईला सांगा, तिने पाठवली होती बाटली.

भिलारची सून

सगळ्यांचे आभार. पाचगणीतून सिरिंज आणली. बर्फ, तूप, औषध, पेढा, असा क्रम लावला. पहिला डोस तिने तरीही थोडा गालावर काढला, पण नंतर मी रिकामी सिरिंज तिच्या हातात दिली, तिने बाहुलीला पाणी पाजलं, मग स्वतःचा दट्ट्या स्वतः दाबू लागली. मी फक्त टोक धरते. हळू दाबते ती, माझ्यापेक्षा हळू. तूप तिला आवडलेलं नाही, ते सोडलं. बर्फ आणि पेढा पुरतो.

डॉक्टरांशी बोलले. थुंकल्याचं तुम्ही म्हणालात तसंच म्हणाले. तापाची 120 ची बाटलीच चालू ठेवली आहे, 250 आणि थेंब सासऱ्यांच्या कपाटात गेले. सासूबाईंचा दुधाचा आग्रह अजून आहे, त्यांना पेढा द्यायचं काम दिलंय.

बाटली 30 मिलीचीच निघाली. दुसरीत पाणी घातलं तेव्हा फेस बसू दिला, खरंच खाली गेलं होतं. आता कोर्स संपल्यावर दुसऱ्या बाटलीत दहा-अकरा मिली उरतील. धाकट्यालाही परवापासून नाक गळतंय. फ्रीजमध्ये ठेवू का त्याच्यासाठी?

काउंटरच्या आतून

नको. नाक गळतं ते बहुतेक विषाणूमुळे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आणि पाणी घातल्यापासून सात दिवसांनी ते औषध टाकायचंच, फ्रीजमध्ये असलं तरी. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ओलाव्यात तग धरत नाही, वास आणि रंग तसाच राहिला तरी आत जोर उरत नाही.

पण लेकीचे सातही दिवस पूर्ण करा, कान दुखायचा थांबला तरी. उरलेलं मोरीत ओतू नका. चहाच्या चोथ्यात नाहीतर मातीत कालवून, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात टाका. बाटलीचं लेबल फाडा, नाहीतर कुणीतरी धुऊन त्यात तेल भरतं आणि लेबल वाचून ते औषध समजलं जातं. सिरिंज कोमट पाण्याने आतून धुऊन, दट्ट्या वेगळा करून वाळवा, धाकट्याला पुढे थेंबांसाठी 1 मिलीची वेगळी घ्या. त्याचं वजन किती आहे सध्या? थेंब देण्याआधी अंगणवाडीच्या काट्यावर करून घ्या, मागचं कार्डावरचं धरू नका.

भिलारची सून

उद्याच करते. कार्डावर पावसाळ्यातलं आहे.